धूर, पूर आणि माळवद

नेट आणि सेट परीक्षांच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तार्किक अनुमानावर एक घटक असतो. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात त्यात भारतीय तर्कविचारही आला आणि मराठीत एम. ए. झालेल्या मुलामुलींना प्रमाणे, व्याप्ती, हेत्वाभास ही नावे पाठ करणे भाग पडले. आम्ही दोघे मराठीचेच अध्यापक. एक नांदेडला शिकवतो, एक लातूरला. हा घटक शिकवायला वेगळा माणूस नसल्याने तो आमच्याकडे आला. पहिली काही वर्षे आम्ही तो जसा पाठ केला तसाच शिकवला, हे आधीच कबूल केलेले बरे. फळ्यावर डोंगर काढायचा, त्यावर धूर काढायचा, खाली पाच ओळी लिहायच्या आणि पुढच्या प्रकाराकडे वळायचे.

हा क्रम मोडला तो २१ मार्च २०२४ च्या सकाळी. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के सहाच्या सुमारास नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. तीव्रता साडेचारच्या आसपास होती. दुपारपर्यंत नांदेडच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला: किल्लारीच्या आधीही असेच लहान धक्के बसले होते, आता मोठा येणार. त्याच आठवड्यात लातूरच्या वर्गात एका विद्यार्थिनीने, जी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातून रोज ये-जा करते, अगदी उलट बाजूने प्रश्न विचारला. "मॅडम, आजी म्हणती, आदल्या साली धक्के बसले तवा आम्ही महिनाभर रानात झोपलो. काही झालं नाही म्हणून घरात आलो. मग आजीचं अनुमान चुकलं म्हणायचं का?"

रात्री आम्ही एकमेकांना फोन केला तेव्हा ध्यानात आले की, दोन्ही वर्गांत एकाच घटनेचा दाखला दिला गेला होता आणि त्यातून निघालेली अनुमाने परस्परविरुद्ध होती. लहान धक्के बसले, म्हणून मोठा येणार. लहान धक्के बसले आणि थांबले, म्हणून मोठा येणार नाही. हेतू तोच, साध्य उलटे. आमच्या फळ्यावरचा डोंगर या प्रश्नाला पुरणार नव्हता. तरीही सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

न्यायदर्शनातील परार्थानुमानाला पाच अवयव असतात. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण आधुनिक तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत निगमन हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथे सामान्य नियमावरून विशिष्टाकडे जाणे म्हणजे निगमन आणि अनेक विशिष्टांवरून सामान्याकडे जाणे म्हणजे विगमन. त्यात हिंदी पुस्तक वाचले की विगमनाच्या जागी आगमन भेटते. म्हणजे न्यायाचे निगमन ही अनुमानाची शेवटची पायरी आणि आधुनिकांचे निगमन हा अनुमानाचा एक प्रकार. हा शब्दांचा गुंता एकदा सोडवला की एक महत्त्वाची गोष्ट दिसते. न्यायाच्या तिसऱ्या अवयवात नियम आणि दाखला एकत्र नांदतात. 'जिथे जिथे' हा नियम, 'जसे स्वयंपाकघरात' हा दाखला. नियम ज्या अनुभवांतून आला त्यांतला एक तरी अनुभव समोर ठेवल्याखेरीज पुढे जायचे नाही, अशी ही शिस्त आहे. धूर आणि अग्नी यांच्या या अटळ साहचर्याला व्याप्ती म्हणतात. अनुमानाचा सगळा भार तिच्यावर असतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. श्रीशंकुकाचा अनुमितिवाद आणि त्याचा चित्रतुरगन्याय आपण रसचर्चेत शिकवतोच. महिमभट्टाने तर सगळा ध्वनीच अनुमानात बसवू पाहिला. आणि तेराव्या शतकात केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टांतपाठा'ची रचना पाहावी: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. चक्रधरांचे वचन हे सूत्र, त्याला उजळणारी लहानशी गोष्ट हा दृष्टांत, आणि ती गोष्ट मूळ वचनाला कशी लागू पडते हे सांगणारा भाग दार्ष्टान्तिक. आम्हाला हा तिसरा भाग न्यायाच्या उपनयाचा जवळचा नातलग वाटतो. गोष्ट सांगून थांबायचे नाही. ती कुठे आणि किती लागू आहे हेही सांगायचे. वर्गात आपण दृष्टांताच्या सौंदर्याबद्दल बोलतो आणि दार्ष्टान्तिक घाईने उरकतो. पण विचाराची जबाबदारी तिथेच असते.

किल्लारी हा आमच्या भागाचा दृष्टांत होऊन बसला आहे. घरात, बसमध्ये, वर्गात, मोबाइलवर तो सारखा दिला जातो. त्याचे दार्ष्टान्तिक कोणते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. त्या मुलीचा प्रश्न याच जागी बोट ठेवत होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तो भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या घरात. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. मोजणीनुसार आकडे बदलतात. बावन्न गावे पुरती दुसरीकडे वसवावी लागली. त्या वेळी आम्ही दोघेही शाळकरी वयाचे होतो. लातूरच्या घरात जो आवाज झाला तो ऐकून वडील झोपेतच म्हणाले होते, रस्त्याने ट्रक चालले असतील. नांदेडच्या घरात फडताळातली भांडी वाजली तेव्हा आई म्हणाली, मांजर असेल. दोन्ही अनुमाने अगदी नियमशीर होती. भांडी वाजतात तेव्हा मांजर असते, हे आईने शंभरदा पाहिले होते. भूकंप तिने एकदाही पाहिला नव्हता. माणूस अनोळखी गोष्टीचे कारण आधी ओळखीच्या गोष्टींत शोधतो, हे विगमनाचे बळही आहे आणि त्याची मर्यादाही.

ही मर्यादा फक्त आमच्या आईवडिलांची नव्हती. दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग आहे, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असे तज्ज्ञांचेही मत होते. १९९३ साली प्रचलित असलेल्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात होता. या मताची जडणघडण तपासण्यासारखी आहे. मराठवाड्यातील विनाशक भूकंपाची नोंद मिळत नाही, म्हणून तसा भूकंप झालेला नाही. झालेला नाही, म्हणून होणार नाही. पहिल्या पायरीला भारतीय तर्कात अनुपलब्धी म्हणतात. न दिसण्यावरून नसण्याचे ज्ञान. भाट्ट मीमांसकांनी तिला स्वतंत्र प्रमाण मानले, पण एक अट घालून. ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही, असे म्हणता येते. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच म्हणता येत नाही. भूकंपांच्या बाबतीत काही शतकांचा लेखी इतिहास आणि काही दशकांची उपकरणे हा पुरेसा उजेड होता का? जुना भ्रंश हजारो वर्षांत एकदा हलत असेल तर बखरीत त्याची नोंद कशी सापडावी? पुढे किल्लारीला जे संशोधनासाठी छिद्रण झाले, त्यात बेसाल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा आढळला. त्याखाली काय दडले आहे ते जमिनीवरून चालणाऱ्याला दिसणार नव्हते. घडा अंधारात होता.

आणि एक इशारा मिळालेला होता. ११ डिसेंबर १९६७ ला याच स्थिर पठारावर कोयनेला सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. व्याप्तीला छेद देणारे एक उदाहरण पुरे असते, असे आपण शिकवतो. प्रत्यक्षात ते उदाहरण वेगळ्या खात्यात टाकता येते. कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयामुळे झाला, असे कारण पुढे आले आणि ते बळकट पुराव्यांवर उभे आहे. पण त्यामुळे एक विचित्र सोय झाली: धरण नसेल तिथे पठार स्थिरच आहे, असे म्हणत मूळ नियम शाबूत ठेवता आला. १९९३ नंतर हाच विचार उलट दिशेने धावला. किल्लारीजवळ माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय होता. कोयनेला धरण होते आणि भूकंप झाला. इथेही धरण आहे आणि भूकंप झाला. म्हणून इथेही धरणामुळेच. हे सादृश्यावरचे अनुमान. कोयनेचे धरण १०३ मीटर उंचीचे, माकणीचे मातीचे आणि कितीतरी बुटके. साम्य कोणत्या गुणात आहे आणि तो गुण साध्याशी निगडित आहे का, हे पाहिल्याशिवाय सादृश्य ओळखीपुरते चालते, निर्णयापुरते नाही. शास्त्रज्ञांत यावर वाद झाले. नकाशा मात्र बदलला. २००२ च्या सुधारणेत पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

आता त्या आजीकडे येऊ. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के बसले. त्यांतला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ चा, साडेचारच्या आसपास. लोक घाबरून उघड्यावर झोपू लागले. मग धक्के ओसरले. थंडी पडली, रब्बीची कामे आली, लोक घरात परतले. शंभर धक्क्यांत जे घर पडले नाही ते पडणार नाही, असा नियम त्यांनी मनाशी बांधला असेल तर तो विगमनाने बांधलेला होता. शिवाय त्यांच्याजवळ निदान शंभर धक्क्यांचा अनुभव होता. तज्ज्ञांजवळ शांततेचाच अनुभव होता. एकाला चूक म्हणायचे तर दुसऱ्याला काय म्हणावे? आणि परतणे हे केवळ अनुमानही नव्हते. वर्षभर रानात झोपता येत नाही.

याच वळणावर आम्हाला नांदेडची आठवण झाली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात नांदेड शहरातही सूक्ष्म धक्क्यांची मालिका सुरू होती. जमिनीतून गडगडाट ऐकू येई, लोक रस्त्यावर येत. तेव्हाही किल्लारीचा दृष्टांत दिला जात होता. पुढे मोठा भूकंप झाला नाही. म्हणजे लहान धक्के हा हेतू किल्लारीला मोठ्या भूकंपाबरोबर आढळला आणि नांदेडला त्याच्या अभावाबरोबर. अशा हेतूला सव्यभिचार किंवा अनैकान्तिक म्हणतात. तो कोणत्याच बाजूला बांधलेला नसतो. वर्गात हे नाव आम्ही काही वर्षे सांगत आलो होतो. त्याचे उदाहरण आमच्याच पायाखाली होते आणि ते आम्हाला सुचले नव्हते. मोबाइलवरचा मजकूर आणि आजीचा समज, दोन्ही याच हेतूवर उभे होते. भूकंप कधी येणार हे आजही कोणाला सांगता येत नाही; त्या प्रश्नाला लागणारी व्याप्ती अजून कोणाच्या हाती आलेली नाही.

न्यायसूत्रांत अशा प्रसंगी काय करावे याचा एक सुंदर वाद आहे. तो नांदेडच्या घाटावर उभे राहून शिकवावा असा आहे. नदीला पूर आला, म्हणून वर पाऊस झाला असावा: हे परिणामावरून कारणाकडे जाणारे शेषवत् अनुमान. पूर्वपक्षी आक्षेप घेतो की, पाणी कुठे अडवले गेले तरी नदी फुगते. म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. पैठणला जायकवाडी आणि नांदेडजवळ विष्णुपुरी झाल्यापासून गोदावरीच्या काठावर या आक्षेपाचे प्रत्यंतर मिळते. आभाळ कोरडे असले तरी दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्या बुडतात, आणि खालचे दरवाजे मिटले की पाणी चढून तुंबते. सिद्धान्त्याचे उत्तर असे की, दोष अनुमानाचा नसून अनुमान करणाऱ्याचा आहे. त्याने हेतू नीट पाहिला नाही. नुसते वाढलेले पाणी हा हेतूच नव्हे. भाष्यकार वात्स्यायन सांगतात, पावसाच्या पुरात ओढ असते, फेस असतो, फळे, पाने, लाकडे वाहून येतात. हे सगळे पाहिलेत तर चुकणार नाही. म्हणजे हेतू फसला तर अनुमान सोडून द्यायचे नाही. हेतू अधिक बारकाईने बघायचा.

किल्लारीत फेस, पाने आणि लाकडे कोणती होती? ती घरांत होती. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडी खणांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर पुन्हा पांढरी माती टाकायची. थर वाढत गेला, वजन वाढत गेले. हे अडाणीपण नव्हते. वैशाखात ते घर गार राहते, आणि दगड-माती गावात मिळते. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना आरपार बांधणारे लांब दगड नव्हते. धक्क्याने दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली, भिंती ढासळल्या, आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती आली. अशी भिंत आडव्या धक्क्यात सुटते. हे घर अशा भिंतींचे आहे. म्हणून मोठा आडवा धक्का बसला तर हे घर पडेल. हे अनुमान १९९२ सालीही करता आले असते. त्याला भूकंपाची तारीख लागत नव्हती.

भूकंपानंतर आजीने जे अनुमान केले त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. तिने ठरवले, दगड माणूस मारतो. नव्या गावात पक्के घर मिळाले, तरी ती बरीच वर्षे पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत असे. उन्हाळ्यात तापत्या पत्र्याखाली. ढिगाऱ्याकडे पाहून त्यामागचे कारण शोधणे हे अर्थापत्तीच्या जवळचे तर्कण आहे: दिवसा न जेवणारा देवदत्त धष्टपुष्ट आहे, म्हणजे तो रात्री जेवत असणार. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने परिणामावरून सर्वांत पटणाऱ्या कारणाकडे झेप घेण्याच्या या रीतीला निगमन-विगमनाखेरीज तिसरे स्थान दिले. ही झेप शोधाची सुरुवात करून देते. ती तपासावी मात्र लागते. ढिगाऱ्यात दगड होता हे खरे. पण चुन्या-सिमेंटात, सांधे बांधून उभारलेली दगडी भिंत वेगळी वागते. मारणारी गोष्ट दगड नव्हती. दगड सुटा राहणे ही होती. आजीला हे कोणी समजावून सांगितले नाही. तिच्याकडे दृष्टांत होता आणि दार्ष्टान्तिक तिने एकटीने लावले.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दिले. आजीचे अनुमान ज्या व्याप्तीवर उभे होते ती व्याप्ती कच्ची होती. तशीच ती नकाशा करणाऱ्यांचीही होती, आणि त्यांच्याजवळ तपासायला आजीपेक्षा अधिक साधने होती. तिने विचारले, मग आजीने काय करायला हवे होते? आम्ही म्हणालो, भिंतीकडे बघायला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भिंत बांधायला पैसे लागतात, मॅडम." या वाक्याला पाच अवयवांत कुठेच जागा नव्हती, आणि ते खरे होते. योग्य अनुमानापासून योग्य कृतीपर्यंत जायला जे लागते ते सगळे तर्कशास्त्रात नाही, हे तिने आम्हाला सांगितले.

त्यानंतर १० जुलै २०२४ ला हिंगोली पुन्हा हलली आणि नांदेडला पुन्हा धक्का जाणवला. मोबाइलवर पुन्हा किल्लारी आली. या वेळी नांदेडच्या वर्गात आम्ही फळ्यावर डोंगर काढला नाही. प्रत्येकाला आपापल्या घराची भिंत कशी आहे ते पाहून यायला सांगितले: दगड कशात बसवले आहेत, वर काय आहे, ते वजन कोणी पेललेले आहे. अर्धा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी नऊ जणांनी लिहून आणले. त्यांतल्या चौघांच्या गावातल्या घरांवर अजून माळवद आहे. एकाने शेवटी लिहिले होते की, वडिलांना दाखवले, ते म्हणाले, तुझ्या आजोबांच्या काळापासून उभे आहे, आता काय होते. मार्कांसाठी आम्ही त्याला त्या वाक्यातली व्याप्ती लिहून काढायला सांगितली. वडिलांशी पुढे काय बोलायचे, ते त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.